माईच्या दारातला गाठींचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे असे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कापड येईल. पण मी कापडाचा नाही. मी सुती दोरीचा आहे. सायीच्या रंगाची जाड दोरी, तिला मारलेल्या असंख्य गाठी, आणि गाठींच्या मधे भरपूर मोकळी जागा. माझ्यातून ऊन आत येते, वारा येतो, एखादी चुकार माशीही येते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"माई, हा पडदा आहे? याच्यातून तर सगळं दिसतंय."

"म्हणूनच केलाय," माई म्हणाली.

माई म्हणजे मला घडवणारी बाई. तिची लेक तिला आई म्हणे, बाकी सगळे माई म्हणत. मीही माईच म्हणतो.

पडद्याचा जन्म झाकण्यासाठी असतो. माझा न झाकण्यासाठी झाला. तसे का, हे सांगायचे तर आधी माझ्यापूर्वीच्या पडद्यांबद्दल सांगितले पाहिजे. मी त्यांना पाहिलेले नाही. पण मला विणताना मायलेकी जे बोलत, ते मी ऐकत होतो. बाकी मला तरी काय काम होते?

माझ्याआधी या घरात गडद तपकिरी रंगाचे, अस्तर लावलेले जाड पडदे होते. माईचे यजमान छापखान्यात रात्रपाळीला होते. रात्रभर यंत्रापुढे उभे राहायचे आणि दिवसा झोपायचे. उजेडाची एक तिरीप आली तरी त्यांची झोप उडे. म्हणून खिडक्यांना जाड पडदे, गॅलरीच्या दाराला जाड पडदा, आणि घरात सगळ्यांनी चवड्यांवर चालायचे. लेक चालायला शिकली तीच चवड्यांवर. हातातून भांडे निसटले तर ते जमिनीवर वाजायच्या आधी माईच्या काळजात वाजायचे. यजमान वाईट नव्हते, थकलेले होते. निवृत्त झाल्यावरही त्यांची झोप दिवसाचीच राहिली, आणि मग पडदेही राहिले.

माई स्वतः पुस्तकांच्या एका गोदामात गठ्ठे बांधायच्या कामाला होती. तिथेही खिडकी नव्हती. एका अंधारातून निघून ती दुसऱ्या अंधारात जायची आणि संध्याकाळी परत यायची. तिच्या तोंडी एक शब्द फार असे, "बरं". यंदा घराला रंग नको, बरं. गॅलरीचे दार उघडू नकोस, बरं. तो शब्द ती इतक्या सहज म्हणे की तो म्हणताना तिला काही लागत असेल असे कुणाच्या मनातही येत नसे.

यजमान गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी माई स्टुलावर चढली आणि कुणाला काही न सांगता तिने पडदे उतरवले. एवढी धूळ उडाली की दोघी शिंकत गॅलरीत पळाल्या. आत आल्यावर लेक भिंतीकडे बघतच राहिली.

"आई, आपली भिंत हिरवी आहे?"

"मला वाटत होतं, राखाडी आहे," माई म्हणाली, आणि दोघी खाली बसून हसल्या. हसता हसता माईला सारखे डोळे पुसावे लागत होते, असे लेक पुढे एकदा काकूंना सांगत होती.

ही लेक एका लॅबमध्ये काम करते. लोकांचे रक्त तपासायचे, नळ्या धुवायच्या, काचा पुसायच्या. हात धुतल्याशिवाय ती पाण्याच्या भांड्याला शिवत नाही. घरातही तिची शिस्त कडक. माई तिला 'फौजदार' म्हणायची. त्या दिवशी फौजदारांनी फोनवर माईला काही फोटो दाखवले. पांढऱ्या भिंती, जमिनीवर बैठक, वेताचे स्टूल, तागाची सतरंजी, टांगलेल्या कुंड्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या उशा. लेक म्हणाली की याला बोहेमियन पद्धत म्हणतात. यात काही जुळावेच लागत नाही. आपल्याला जे आवडेल ते हवे तिथे ठेवायचे. फक्त उजेड आणि हवा अडता कामा नये.

माईने फोन डोळ्यांजवळ नेला. "जुळलं नाही तरी कुणी बोलत नाही?"

"कोण बोलणार आहे, आई? आता घर तुझंच आहे."

माईने फोन लेकीच्या हातात परत दिला. मग तिने एवढेच विचारले की रंगारी कधी येऊ शकेल.

मित्रांनो, माणसे नवीन घर घेतात तेव्हा आनंदतात. पण जुन्याच घरात, उभे आयुष्य काढल्यानंतर, पहिल्यांदा राहायला आल्यासारखा आनंद मी माईच्या चेहऱ्यावर पाहिला. रंगाऱ्याने पांढरा रंग आणला तो निळसर निघाला. माईने मान हलवली. दुसरा आणला तो पिवळट निघाला. तेव्हा रंगारी वैतागून म्हणाला, पांढरा तो पांढरा, त्यात काय बघायचे? माईने त्याला गॅलरीत नेऊन दुपारच्या उन्हात वाळणारी चादर दाखवली आणि म्हणाली, असा. त्याने तो तसा केलाही.

सासूबाईंचे काळेभोर शिसवी कपाट होते. दोघींनी ते घासून पांढरे रंगवले. काकू म्हणाल्या, तुझ्या सासूबाई स्वप्नात येऊन जाब विचारतील. माई म्हणाली, येऊ देत, त्यांनी तरी कुठे एवढा उजेड पाहिला होता? उरलेल्या कापडांच्या तुकड्यांतून उशांचे अभ्रे झाले. तळ फाटलेली वेताची टोपली उलटी करून तिचा दिवा झाला. कुंड्या छताला लटकल्या. आणि गॅलरीच्या दारासाठी, जिथे सर्वांत जाड पडदा होता तिथे, माईने मला करायला घेतले.

मला आधी काठी मिळाली, मग दोरी. रस्त्यावरच्या झाडाची छाटणी झाली होती, त्यातली एक फांदी लेकीने उचलून आणली. ती धुतली, घासली, तिला तेल पाजले.

"अगं, ही वाकडी आहे," माई म्हणाली.

"वाकडीच पाहिजे. त्यातच गंमत आहे."

"वाकडं चालतं? मग माझी पाठही शोभेल या घरात."

गोदामात माईने आयुष्यभर पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधले होते. गठ्ठा गाडीतून फेकला तरी सुटता कामा नये, अशी तिची गाठ. डोळे मिटूनही तिची बोटे चालत. लेक फोनवर बघून तिला गाठींचे प्रकार सांगायची आणि माई म्हणायची, ही तर मला येते, हिला आम्ही नुसती आडवी गाठ म्हणायचो. पण सवय जाता जाईना. ती प्रत्येक गाठ गठ्ठ्याला मारावी तशी करकचून ओढायची. म्हणून माझा वरचा भाग घट्ट आणि आखडलेला झाला. खाली येता येता तिचे हात सैल होत गेले, आणि मीही रुंद होत गेलो. पूर्ण झालो तेव्हा वर अरुंद आणि खाली पसरट, असा माझा आकार झाला. लेकीच्या डोळ्यांना ते खुपले. ती म्हणाली, वरचा भाग उसवून परत करू या.

"राहू दे," माई म्हणाली. "गोदामातून घरी आल्यासारखा दिसतोय."

मग सुताराने दाराच्या वर दोन हूक ठोकले आणि मी तिथे राहायला गेलो.

तो काळ माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ. दुपारी ऊन गॅलरीत उतरे, माझ्यातून झिरपत आत येई आणि फरशीवर त्याचे कवडसे पडत. वारा आला की मी हलायचो आणि कवडसे सगळ्या खोलीभर पळायचे. माई तागाच्या सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसायची. तिच्या हातात चहाचा कप असे आणि कवडसे तिच्या पायांवरून, कपावरून, चेहऱ्यावरून फिरत. एकदा काकूंनी विचारले, नुसती बसून काय करतेस? माई म्हणाली, बसलेय. काकू म्हणाल्या, ते दिसतंय, पण करतेस काय? माई म्हणाली, तेच करतेय गं, आजवर कधी केलं नव्हतं.

लोक मला बघायला येत. काकूंच्या सुनेने माझ्यासमोर उभे राहून फोटो काढले. शेजारणींपैकी दोघींनी असाच पडदा करून मागितला. माईने एकीला करून दिला आणि दुसरीला शिकवले. भरभर पावले टाकत, ताटल्या वाजवत, मोठ्याने बोलत ती घरात वावरायची. भांडे पडले तर म्हणायची, पडू दे, आवाज तरी होतोय.

मग तिला खोकला लागला.

आधी तो कुणाला खोकला वाटलाच नाही. जिना चढून आल्यावर ती थोडी थांबायची आणि म्हणायची, वय झालं. पुढे बोलता बोलता थांबू लागली. शेवटी फौजदारांनी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. परत आल्या तेव्हा लेकीचा चेहरा लॅबमध्ये वाईट रिपोर्ट हाती आल्यासारखा झाला होता. फुप्फुसे आखडत चालली होती. गोदामातली कागदाची धूळ, सुतळीचा तूस, कितीतरी वर्षांचा, आत जाऊन बसला होता. डॉक्टरांनी औषधे दिली, एक श्वासाचे यंत्र दिले आणि निघताना एक वाक्य सांगितले, "धूळ साठेल असं काही त्यांच्याजवळ ठेवू नका."

मित्रांनो, लेकीने त्या एका वाक्याचा कायदा केला.

दुसऱ्याच दिवशी सतरंजी गुंडाळली गेली. उशा गेल्या. कुंड्या काकूंकडे गेल्या, कारण मातीला बुरशी धरते. टोपलीचा दिवा गेला, कारण वेताच्या फटीत जाळी होतात. माई पलंगावर बसून बघत होती.

"फौजदार, जप्ती आणलीत. वॉरंट दाखवा."

लेक हसली नाही. ती स्टूल घेऊन माझ्याकडे आली.

"हा तेवढा राहू दे," माई म्हणाली.

"आई, हाच सगळ्यात जास्त धूळ धरतो. बघ." तिने मला हाताने झटकले. उन्हात धूळ उडाली. ती खोटे बोलत नव्हती. माझ्या प्रत्येक गाठीच्या खोबणीत धूळ होती. तुमच्या अंगाला घाम सुटतो तशी आमच्या अंगाला धूळ बसते, त्याला आम्ही काय करणार?

"तू बरी झालीस की सगळ्यात आधी हाच लावू," लेक म्हणाली.

"बरं," माई म्हणाली.

लेकीने मला जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले, पिळले आणि दिवसभर गॅलरीत टांगले. संध्याकाळी हात लावून पाहिला, मी कोरडा लागलो. मग तिने मला जाड पारदर्शक पिशवीत घातले, पिशवीचे तोंड आवळले आणि पलंगासमोरच्या उघड्या माळ्यावर ठेवून दिले. पण दोरीची गाठ वरून वाळते तेव्हा आत ओली असते. कापडाला जे लागू ते दोरीला नाही. हे माईला ठाऊक होते, पण तिला कुणी विचारले नाही. ती तेव्हा यंत्र तोंडाला लावून झोपली होती.

त्यानंतर मी त्या पिशवीतूनच सगळे पाहिले, धुक्यातून पाहावे तसे.

खोलीत एक पलंग राहिला, औषधांचे एक स्टीलचे टेबल राहिले आणि धुतलेली पांढरी चादर. रस्त्यावरची धूळ येऊ नये म्हणून गॅलरीचे दार बंद झाले. दाराच्या काचेवर लेकीने पुसता येईल असा प्लास्टिकचा पडदा लावला. माई दिवसा झोपू लागली, कारण खोकला तिला इतर वेळी झोपू देत नसे. आणि तिची झोप मोडू नये म्हणून लेक चवड्यांवर चालू लागली. काकू येत त्याही दाराशी चपला काढून कुजबुजत बोलत. भांडे पडले की सगळ्यांचे श्वास थांबत. त्या घराने पुन्हा जुनी चाल धरली होती. लेकीच्या ते लक्षात आले असेल का, मला ठाऊक नाही. तिला फक्त माईचा श्वास ऐकू येत होता. दिवसभर ती खोली पुसायची, काचा पुसायची, पलंगाच्या पायांखालची फरशी पुसायची. असे पुसत राहिले की आजार निघून जाईल, असे तिला वाटत असावे. प्रेम करायची तिची तीच रीत होती. तिच्या हातांना दुसरी ठाऊक नव्हती.

माई उताणी पडून माझ्याकडे बघायची. मी तिच्या नजरेसमोरच होतो, माळ्यावर, पिशवीत. तिचे हात चादरीच्या काठाशी काहीतरी करत राहायचे. ते बघून लेकीने तिला प्लास्टिकची गुळगुळीत दोरी आणून दिली. धूळ धरत नाही, म्हणाली, हवं तर रोज धुता येते. माईने दोन-चार गाठी मारल्या आणि दोरी खाली ठेवली.

"ही गाठ धरत नाही गं. निसटते."

"मग दुसरी आणू?"

"नको. असू दे."

दिवस गेले. माईचे बोलणे कमी होत गेले. आधी ती वाक्य अर्धे सोडायची, मग एकेका शब्दावर आली. काकू एकदा लेकीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या की एवढी कडक राहू नकोस, थोडे दार उघडत जा. लेक म्हणाली, "काकू, मला ती हवी आहे. दार नंतर आयुष्यभर उघडं ठेवीन."

एके दिवशी डॉक्टर स्वतः घरी आले. माईला तपासले. मग मान वर करून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"घर आवरलंत का? कुठे जाणार आहात?"

"नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, धूळ साठेल असं काही नको."

डॉक्टरांनी छाती तपासायची नळी गुंडाळून बॅगेत ठेवली. "मी धुळीबद्दल म्हणालो होतो," ते हळू म्हणाले. "अधूनमधून धुऊन लावलं असतं तरी चाललं असतं." लेकीचा चेहरा पाहून त्यांनी ते वाक्य परत घ्यावे तसा हात हलवला. म्हणाले की त्याने आजारात फरक पडला नसता, तुम्ही केलेत ते सगळे बरोबरच केलेत. मग ते म्हणाले, आता नियमांचे ओझे ठेवू नका. आणि पलंगाकडे वळून त्यांनी माईला विचारले, "काय हवंय तुम्हाला?"

मित्रांनो, त्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

माईने बोट वर केले. माळ्याकडे, माझ्याकडे.

"माझा पडदा," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर लेक स्टुलावर चढली. तिने मला खाली उतरवले आणि पिशवीचे तोंड सोडले. माझा वास तिच्या नाकात गेला. मला माझी लाज वाटली. गाठींच्या आत राहिलेल्या पाण्याने मला बुरशी धरली होती. वरचा आखडलेला भाग काळ्या ठिपक्यांनी भरला होता, आणि खालचे सुटे दोर एकमेकांना चिकटले होते. लेक मला मांडीवर घेऊन फरशीवर बसली. रोज पुसून चकचकीत केलेली ती फरशी.

"काय झालं?" माईने विचारले.

"काही नाही, आई. धुवावा लागेल."

"मग... धू."

लेकीने मला गरम पाण्यात भिजवले, साबण लावला आणि दात घासायच्या ब्रशने एकेक गाठ घासली. ती तासन् तास बसली होती. पाणी काळे निघाले, मग राखाडी, मग स्वच्छ. ठिपके बरेच गेले. काही राहिले, ते अजून आहेत. तिने दार उघडले आणि मला गॅलरीच्या पाइपवर टांगले. दार उघडेच ठेवले, म्हणजे पलंगावरून मी दिसेन. मीही कितीतरी काळाने माईला स्वच्छ पाहिले. किती लहान झाली होती ती.

आभाळ नेमके भरून आलेले. ऊन नाही, वारा नाही. माझ्यातून पाणी ठिबकत होते. लेक सारखी बाहेर येई, चिमटीत एकेक गाठ दाबून बघे आणि आत जाई. माई विचारी, वाळला का? लेक सांगे, अजून नाही. तिने पंखा आणून माझ्यासमोर लावला. मला टॉवेलात गुंडाळून दाबले. इस्त्री फिरवली. वरून मी वाळलो, आतून नाही. एकदा फसलेली लेक आता घाई करायला तयार नव्हती. आता मला पूर्ण कोरडा करूनच दाराला लावायचे, असे तिने मनाशी पक्के केले होते. ती चूक सुधारत होती, मित्रांनो. मन लावून सुधारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माईने पुन्हा विचारले, "वाळला?"

"वरून वाळलाय. गाठी ओल्या आहेत."

"ओलाच लाव."

"ओला कसा लावू? खाली पाणी गळेल. तुझ्या छातीत ओल जाईल. उद्या लावू, आई. उद्या नक्की."

माईने श्वास गोळा केला. आयुष्यात कुठलीच गोष्ट तिने दुसऱ्यांदा मागितली नव्हती.

"ओलाच लाव गं. दारात वाळेल."

"उद्या," लेक म्हणाली, आणि तिने माईच्या कपाळावरून हात फिरवला.

त्यावर माई बरं म्हणाली नाही. ती कुशीवर वळली आणि दाराकडे बघत पडून राहिली. मी पाइपवर होतो, ती पलंगावर होती, आणि आमच्या मधे ते उघडे, रिकामे दार होते. तेवढेच अंतर होते. मला पाय असते तर मी गेलो असतो.

सकाळी माई गेली. अजून माझ्या गाठी ओल्या होत्या.

घर माणसांनी भरले. दाराशी चपलांचा ढीग झाला. वरच्या काकू मोठ्याने रडल्या, रंगारी येऊन कोपऱ्यात उभा राहिला, गोदामातल्या दोन म्हाताऱ्या बायका हात धरून बसल्या. कुणीतरी म्हणाले, किती स्वच्छ ठेवली होती खोली, लेक असावी तर अशी. लेकीने ते ऐकले आणि ती उठून गॅलरीत आली. आभाळ फाकले होते, माझ्यावर ऊन पडले होते. सवयीने तिने माझी एक गाठ चिमटीत धरली आणि दाबली. ती कोरडी होती. तिने दुसरी दाबली, मग तिसरी. ती एकेक गाठ दाबत खाली खाली येत गेली आणि शेवटी जमिनीवर बसली. काकू तिला शोधत आल्या. त्या तिच्याजवळ बसून राहिल्या.

पुढे काही दिवसांनी दोघींनी मिळून मला दाराला लावले. कुंड्या परत आल्या, सतरंजी अंथरली गेली. ऊन माझ्यातून आत येते आणि कवडसे फरशीवरून फिरतात. लेक कामावरून आली की तिथे, भिंतीला पाठ लावून, थोडा वेळ बसते. काकू तिला काय करतेस असे विचारत नाहीत.

मी आता जुना झालो आहे. खालचे दोर विरले आहेत, वरचे काळे ठिपके दिसतात. माझे फार दिवस उरले नसतील, आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. आमच्यासारख्या वस्तूंना धूळ लागते, आम्हाला झटका, धुवा, उन्हात घाला, एवढे सांगून मी माझे बोलणे संपवायला हवे. वस्तूंनी एवढेच सांगायचे असते.

पण मित्रांनो, मला आणखी थोडे सांगायचे आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्यांची काळजी तुम्ही घ्यालच. औषध वेळेवर द्याल, हात धुवाल, दार लावाल. ते सगळे करा. पण अधूनमधून पलंगाजवळ बसून त्यांना विचारा, तुम्हाला काय हवंय? आणि ते जे मागतील ते चुकीचे वाटले, अर्धवट वाटले, अजून तयार झालेले नसले, तरी उद्यावर टाकू नका. ओले असेल तर ओलेच लावा. फरशी काय, नंतर पुसता येते.